हळद्याची सोय लावून येतोय

सांगली, गावभाग

प्रिय चिऊ,

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "वास्तुशांतीला तुम्ही दोघं आलात तर आपल्या मधुमेही बोक्याचं, हळद्याचं कोण बघणार? एकानं थांबा." मी तेव्हा गप्प बसले, कारण माझंच मन पक्कं नव्हतं. आता झालंय. आम्ही दोघंही येतोय, आठ दिवस राहतोय, आणि हळद्या इथे आपल्या घरातच राहतोय. फोनवर हे नीट सांगता येत नाही, तू मध्येच रडायला लागतेस, मग मलाही सुचत नाही. म्हणून लिहिते.

बाबांना मागे ठेवायचा विचार मी पहिल्याच दिवशी सोडला. मोतीबिंदू काढला तरी सिरिंजवरच्या बारीक रेघा त्यांना दिसत नाहीत. त्यांचं इन्सुलिनसुद्धा मीच भरून देते. आणि तुला एक गोष्ट कधी बोलले नव्हते, त्याच्या भीतीनं मी कित्येक रात्री उठून फ्रिज उघडून बघितलाय. फ्रिजच्या दारात दोन बाटल्या असतात. बाबांची दर मिलिलिटरला ४० युनिटची, तिला लाल टोपणाची सिरिंज. हळद्याच्या इन्सुलिनची, ग्लार्जिनची, दर मिलिलिटरला १०० युनिटची, तिला केशरी टोपणाची. हळद्याचं औषध चुकून लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये दोनच्या रेघेपर्यंत ओढलं, तर दोनाऐवजी पाच युनिट जातील. एवढ्याशा जिवाला ते झेपणार नाही. बाबांची बाटली आणि त्यांच्या सगळ्या सिरिंजा आमच्याबरोबर येतील. मागे घरात एकच बाटली आणि एकाच रंगाची टोपणं राहतील. माझं निम्मं ओझं तिथंच उतरलं.

त्याला कुठे नेऊन ठेवायचा विषयसुद्धा काढू नकोस. गेल्या दिवाळीत काय झालं ते मी तुला अर्धवटच सांगितलं होतं. दोन दिवसांसाठी एका ठिकाणी ठेवलं होतं. शेजारच्या पिंजऱ्यात कुत्रं सारखं भुंकत होतं. हळद्या घाबरून कोपऱ्यात बसला, अन्नाला शिवला नाही. सुई मात्र ठरल्या वेळी दिली गेली. मी घ्यायला गेले तेव्हा तो उभा राहत होता आणि पडत होता, मान डुगडुगत होती, डोळे माझ्याकडे होते पण बघत नव्हते. दवाखान्यात नेऊन सलाईनमधून ग्लुकोज दिलं तेव्हा कुठे वाचला. त्या लोकांना मी दोष देत नाही. मी चिठ्ठीवर लिहून काय दिलं होतं? "सकाळी सात, संध्याकाळी सात, दोन युनिट." खाल्लं नसेल तर सुई द्यायची नाही, हे लिहिलंच नव्हतं. माझ्या हातून झालेली ती चूक मला अजून टोचते.

म्हणून या वेळी मी माणूस शोधताना सुई टोचणारा हात शोधला नाही. सुई टोचणं दोन दिवसांत कुणालाही जमतं. सुई हातात भरलेली असताना थांबणारं माणूस मला हवं होतं.

ते शेजारीच निघालं. जिन्यापलीकडच्या काकूंची धाकटी, बीएस्सीला आहे ती. हळद्या तिच्या पायात घुटमळतो हे तर तुला ठाऊकच आहे. पंधरा दिवस ती रोज दोन्ही वेळा येतेय. आधी मोसंबीवर, मग घडी घातलेल्या टॉवेलवर, पाणी भरून सराव केला. मग हळद्यावर, मी शेजारी बसून. बाटली जोरात हलवायची नाही, तळहातात हळू फिरवायची. बरगडीजवळची कातडी चिमटीत तंबूसारखी उचलायची आणि त्या तंबूच्या पायथ्याशी सुई घालायची. तिसऱ्या दिवशी सुई कातडीच्या आरपार गेली आणि औषध केसांवर सांडलं. बोट लावून बघितलं तर केस ओले. ती लगेच दुसरी भरायला निघाली. मी तिचा हात धरला. किती आत गेलं ते कळत नसेल तर पुन्हा द्यायचं नाही, पुढची सुई पुढच्या वेळीच. एक वेळ हुकली तर साखर चढेल, पाणी जास्त पिईल, ट्रेमध्ये लघवीचे गोळे मोठे होतील. पण दुप्पट गेलं तर जीव जाईल. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिनं ते वहीत लिहून घेतलं, आणि मला ती त्या दिवसापासून आवडायला लागली.

तिच्यावर सगळं सोडायचं नाही म्हणून दुसरी किल्ली डॉक्टरांकडच्या कंपाउंडरदादांकडे ठेवलीय. पोरीला ताप आला, परीक्षा आली, तर ते येतील. दोन माणसं म्हटली की दोनदा सुई जाण्याची भीती आलीच. म्हणून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात "स" आणि "सं" असं लिहिलंय. सुई दिली की हात धुण्याआधी त्यावर काट मारायची आणि फोटो तुला-मला पाठवायचा. काट असेल तर बाटलीला हात लावायचा नाही.

खरी काळजी दुपारची होती. सकाळी सातला सुई दिली की साधारण चार ते आठ तासांत साखर सगळ्यात खाली येते, म्हणजे अकरा ते तीन. नेमकी तेव्हा पोरगी कॉलेजात. या वेळेला कोण? तर काकूंच्या सासूबाई. तू हसशील, कारण दूधभात भरवून त्याला गोल करण्यात त्यांचाच वाटा मोठा. बोके, त्यातही नसबंदी झालेले, वयस्कर आणि वजनदार, या दुखण्यात जास्त सापडतात असं डॉक्टर म्हणाले. आजींना भात बंद सांगितला तेव्हा त्या रडवेल्या झाल्या, "मुकं जनावर, दूधभातालाही महाग झालं गं." मी त्यांच्याजवळ बसून सांगितलं की भाताची त्याच्या पोटात साखर होते आणि ती रक्तात साठते. त्याचं अन्न मांस, म्हणून उकडलेलं चिकन आणि डॉक्टरांनी दिलेलं ओलं खाणं, एवढंच. मग त्यांना काम दिलं. दुपारी जपमाळ घेऊन आपल्या ओसरीवर बसायचं आणि तो सरळ चालतो का बघायचं. लडखडला, अंग कापलं, हाक मारून उठला नाही, तर बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळायचा, तोंडात ओतायचा नाही, आणि पोरीच्या आईला हाक मारायची. मध तीन ठिकाणी ठेवलाय. आजींनी आपल्या देव्हाऱ्याशेजारी चौथी बाटली ठेवली.

साखर मोजायचं यंत्र पोरीला दाखवलंय, कानाच्या कडेच्या शिरेतून थेंब काढायचा ते. रोज नको म्हटलं. आपलं माणसांचं यंत्र मांजराची साखर जरा कमीच दाखवतं, आणि घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीनंही चढते. आकड्यापेक्षा त्याच्या चालीकडे बघ म्हटलं. तुला आठवतंय ना, गेल्या वर्षी तो मागच्या पायांच्या टाचा जमिनीला टेकवून चालायला लागला होता, सशासारखा? आपल्याला वाटलं म्हातारपण. साखरेनं नसा दुखावल्या होत्या. आता पुन्हा बोटांवर चालतो. परवा खिडकीच्या कट्ट्यावर एका उडीत चढला. मी हातातली पोळी तव्यावर विसरले.

डॉक्टरांकडे सही करून चिठ्ठी ठेवलीय, की मी नसताना जे उपचार लागतील ते करा, विचारत बसू नका. पाकिटात पैसे ठेवलेत. पोरीलाही पैसे देणार आहे. ती नको नको म्हणतेय, पण आठ दिवस सकाळ-संध्याकाळ कुणाचा जीव अडकवून ठेवायचा आणि वर "घरचीच आहेस" म्हणायचं, हे मला पटत नाही.

राहता राहिली कृष्णामाई. श्रावण आहे, कोयनेतून पाणी सुटलं की आपल्या गावभागाला धास्ती. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशाऱ्याची पातळी आणि ४५ धोक्याची. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा त्याला उशीच्या अभ्र्यात घालून काढलं होतं, ते मी विसरलेले नाही. या वेळी ३५ फुटांची बातमी आली की थांबायचं नाही, हळद्या विश्रामबागेत मावशीकडे. टोपली, सिरिंजा, खाणं एका पिशवीत भरून दारामागे टांगलंय. औषधाला थर्मास आहे, पण बर्फाला चिकटू द्यायचं नाही. गोठलं की वाया गेलं. नुसते दिवे गेले तर बाटली डब्यात घालून माठाजवळच्या गारव्याला.

एवढं सगळं करूनही मी काल दुपारपर्यंत तिकीट रद्द करायच्या विचारात होते. संध्याकाळी मुद्दाम देवळात गेले, पोरीला म्हटलं, आज तू एकटी कर. गणपतीपुढं बसले होते, पण लक्ष सगळं घड्याळाकडे. सात वाजून पाच मिनिटांनी तिचा फोन आला. "काकू, त्यानं दोन घास खाऊन तोंड फिरवलं. मी सुई भरलीच नाही. डॉक्टरांना फोन केलाय, ते म्हणाले अर्ध्या तासानं पुन्हा ताट लाव, खाल्लं तरच दे, नाहीतर आज राहू दे. त्याच्याजवळच बसलेय."

मी देवळाच्या पायरीवर बसून रडले, चिऊ. हरिपुरात हळद साठवायच्या जमिनीतल्या पेवाजवळ तुला सापडलेलं ते मूठभर पिवळं पिल्लू आता अकरा वर्षांचं आहे, आणि कुणीतरी त्याच्याजवळ बसलं होतं. साडेसातला त्यानं ताट चाटूनपुसून संपवलं. मग तिनं सुई दिली, काट मारली, फोटो पाठवला.

शुक्रवारी सकाळी सातची सुई मी माझ्या हातानं देईन आणि दुपारी मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेस पकडू. शनिवारी सकाळी तुझ्याकडे. वास्तुशांतीच्या नारळांची आणि कलशाची तयारी मी इथून आणतेय, तू धावपळ करू नकोस. संध्याकाळी सात वाजता मी फोन हातात घेऊन बसले तर जावईबापूंना सांगून ठेव, की सासूबाई दहा मिनिटांनी येतील. आणि नव्या फ्रिजच्या दारात बाबांच्या बाटलीपुरती जागा मोकळी कर.

तुझी,
आई