प्रश्नाखाली लगेच उत्तर छापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा जवळ आल्या की आपल्या दैनिकात दहावी-बारावीसाठी सराव प्रश्न यायला लागतात. प्रश्न असतो आणि त्याच्याच खाली उत्तर छापलेलं असतं. या उत्तराच्या जागेबद्दल मला आपल्याशी बोलायचं आहे.

मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्तीनंतर रोज संध्याकाळी सहा ते नऊ एका मोफत अभ्यासिकेत बसते. येणारी बहुतेक मुलं अशी, की ज्यांच्या घरी एकाच खोलीत टीव्ही, स्वयंपाक आणि अभ्यास चालतो. ही मुलं कष्टाला कमी पडत नाहीत. तीन-तीन तास मान वर न करता वाचतात. आणि तरीही परीक्षेनंतर भेटली की म्हणतात, "बाई, सगळं येत होतं, पेपरात आठवलंच नाही." नोकरीतही हे मी शेकडो वेळा ऐकलं होतं आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं, "लक्ष देऊन वाचलं नसशील, पुन्हा वाच." तो सल्ला चुकीचा होता हे मला फार उशिरा कळलं. किती मुलांना मी तो दिला, याचं मनापासून वाईट वाटतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीनंतर दहावीतली एक मुलगी भिंगांचा धडा घेऊन बसली होती. जवळजवळ प्रत्येक ओळीवर पिवळा हायलायटर फिरलेला. धडा चारदा वाचून झालाय, म्हणाली. मी तिचं पुस्तक मिटलं आणि विचारलं, बहिर्गोल भिंगापासून नाभीय अंतराच्या बरोबर दुप्पट अंतरावर वस्तू ठेवली तर प्रतिमा कुठे पडेल आणि कशी असेल? तिनं डोळे मिटले. "बाई, तक्त्यात आहे, तिसरी ओळ." ओळीची जागा तिला पाठ होती, ओळीत काय लिहिलंय ते येईना. प्रतिमा पलीकडे तेवढ्याच अंतरावर, उलटी, वास्तव आणि वस्तूएवढीच असते, हे तिनं चारदा वाचलेलं होतं. रंगवलेलंही होतं.

रस्त्यात एखादा माणूस भेटतो. चेहरा ओळखीचा असतो, नाव काही केल्या आठवत नाही. पुस्तकाचं तसंच होतं. दुसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात, वाचन भरभर होतं आणि आपल्याला हे येतं असं मन ठरवून टाकतं. परीक्षेत मात्र चेहरा समोर नसतो, नावच विचारलेलं असतं. आठवणीतून काढायचा सराव केलेला नसेल तर ते तिथे पहिल्यांदाच करावं लागतं, तेही घड्याळ समोर ठेवून.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी हे तपासलं. त्यांचा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार वेळा वाचला. दुसऱ्या गटानं एकदा वाचला आणि नंतर तीन वेळा, उतारा न बघता, आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्यानंतर घेतली तेव्हा चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१. मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. आपल्याला किती लक्षात राहील, असं आधी विचारलं होतं तेव्हा जास्त खात्री नुसतं वाचणाऱ्यांनाच होती. आमच्या मुलांचं "सगळं येत होतं" हे खोटं नसतं, साहेब. त्यांना तसं खरंच वाटत असतं.

दुसरी गोष्ट वेळेची. आदल्या रात्री सात तास बसणं आणि तेच सात तास महिनाभरात वाटून घेणं यात मेंदूच्या लेखी फार फरक आहे. एरिक कँडेल यांना स्मृतीवरच्या कामासाठी २००० साली नोबेल मिळालं. त्यांचं काम बरंचसं समुद्री गोगलगायीवर झालं. तिला हलका स्पर्श केला की ती कल्ला आत ओढून घेते. वारंवार स्पर्श करत राहिलं, की यात धोका नाही हे ती शिकते आणि कल्ला आत घेणं कमी करते. सलग चाळीस स्पर्श केले तर हे शिकणं दिवसभरच टिकलं. रोज दहा असे चार दिवस केले तर काही आठवडे टिकलं. स्पर्श दोन्हीकडे चाळीसच. थोडक्या काळाची आठवण चेतापेशींमधल्या असलेल्याच जोडण्यांवर भागते. दीर्घकाळ टिकणारीसाठी पेशीला नवी प्रथिनं तयार करावी लागतात, जोडण्यांची घडण बदलावी लागते. या बांधकामाला मधले दिवस हवेत. परीक्षेच्या आदल्या रात्री ते कुठून आणायचे?

हे वाचताना मला आमची ओसरी आठवली. दिवेलागण झाली, शुभंकरोती झालं, की वडील परवचा म्हणायला बसवत. पाढे, पावकी, निमकी, दीडकी. सुरात म्हणणं संपलं की खरी वेळ यायची. मध्येच वडील एकेकाकडे बोट करून विचारत, "सतरा आठे किती?" आम्ही भावंडं त्या बोटाला घाबरायचो. आज वाटतं, लक्षात राहिलं ते त्या बोटामुळे आणि रोजच्या रोज होण्यामुळे. घोकंपट्टी म्हणून आपण परवच्याला नावं ठेवली, ती पूर्ण चुकीची नव्हती, कारण अर्थ समजल्याशिवायच्या पाठांतराचा पुढे उपयोग होत नाही. पण विचारणं आणि उजळणी या दोन चांगल्या सवयीही त्याच्याबरोबर गेल्या, आणि त्यांच्या जागी गाइड आणि हायलायटर आले. जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धती तपासून त्यांची प्रतवारी लावली होती. स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांत वाटणं या दोनच पद्धतींना त्यांनी सगळ्यात वरचा दर्जा दिला. अधोरेखन आणि पुन्हा पुन्हा वाचणं खालच्या रांगेत आहेत.

त्या मुलीला मी पाठकोरे कागद दिले. धडा एकदा समजून वाच, पुस्तक मिट, आठवेल ते लिही. मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेननं भर. पहिल्या दिवशी चार ओळी आणि एक अर्धवट आकृती झाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, मला काहीच येत नाही हो." ही वेळ फार नाजूक असते. बरीच मुलं इथेच पुन्हा हायलायटर उचलतात, कारण वाचताना निदान येतंय असं वाटतं. मी तिला म्हटलं, ही आठवायची धडपड म्हणजेच अभ्यास आहे, आणि लाल पेन कुठे चाललं ते बघ, उद्या तेवढंच वाचायचं. दुसऱ्या दिवशी, मग चौथ्या आणि मग आठव्या दिवशी तिनं तेच केलं. मध्ये दुसरे धडे चालू होते. आठव्या दिवशी वस्तूच्या सहाही स्थानांच्या किरणाकृती तिनं पुस्तक न उघडता काढल्या. एका आकृतीत बाण उलटा होता, तो तिचा तिलाच सापडला.

गणिताबद्दल एक. सराव संचात एकाच प्रकारची उदाहरणं ओळीनं असतात, त्यामुळे सूत्र कोणतं हे ठरवायची वेळच येत नाही. डग रोरर आणि केली टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात प्रकार मिसळून सोडवणाऱ्यांना सरावाच्या वेळी जास्त चुका झाल्या, पण आठवड्यानंतरच्या परीक्षेत त्यांना ६३ टक्के मिळाले आणि एकेक प्रकार संपवत जाणाऱ्यांना २०.

आणि झोप. पहाटे चारला उठवणारे पालक मला रोज भेटतात. मूल रात्री अकराला झोपलेलं असतं. या वयात शरीराचं घड्याळच उशिरा झोप आणतं, हा आळस नव्हे. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. दिवसभरात शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेतच चालतं. राज्य शासनानं २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो चांगलाच आहे. पण सकाळी सातला वर्गात डुलक्या घेणारी नववी-दहावीची मुलं त्यातून राहिली.

आता माझी मागणी. आपण सराव प्रश्न छापता ते जरूर छापा, उत्तर मात्र दुसऱ्या दिवशीच्या अंकात द्या. प्रश्नाखाली चार ओळींची कोरी जागा सोडा, म्हणजे ज्याच्याकडे वही नाही तोही तिथेच लिहील. आठवड्यानं त्याच धड्यावरचा प्रश्न थोडा फिरवून पुन्हा विचारा. गणिताची उदाहरणं प्रकरणाचं नाव न देता, मिसळून द्या. सुरुवातीला पालकांचे फोन येतील, उत्तर का नाही म्हणून. त्यांना कारण सांगणारा चौकटीतला मजकूर हवा असेल तर मी आनंदानं लिहून देईन.

आपला अंक आमच्या अभ्यासिकेत रोज येतो. पहिला प्रश्न उत्तराविना छापून येईल त्या संध्याकाळी मी तो फळ्यावर लिहून ठेवीन, आणि अंक दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्या कपाटात राहील.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, कराड