झोप लागते का, सागर?

चि. सागर यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू "हो, ठीक आहे" म्हणून ठेवून देतोस, म्हणून लिहितेय. मंगळवारचं पूजाकडून कळलं. तिच्यावर रागावू नकोस. तुरुंगात राउंडला तुझं लक्ष गेलं, वेळेत पोचलास, गळफास घेणारा पोरगा वाचला. बापू ऐकून काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी पारावर सगळ्यांना सांगून आले.

झोप लागते का तुला?

दुसऱ्या दिवशी तुझा जबाब घेतला आणि परत नाईटच लावली म्हणे. त्या बंद्याला डॉक्टरला दाखवलं, बरं झालं. २०१७ चा मानसिक आरोग्याचा कायदाच आहे, जीव द्यायला निघालेल्याला शिक्षा नाही, उपचार द्यायचे. पण ज्यानं त्याला खाली घेतलं त्याला कुणी जेवलास का म्हणून तरी विचारलं का? तूच सांगितलं होतंस, देशभर तुरुंगात शंभरातले सत्तराहून जास्त कच्चे कैदी, खटला अजून संपलेला नाही असे. तारीख लागते, कोर्टात न्यायला पोलीस पार्टी मिळत नाही, कोर्ट हुकतं, आणि त्या रात्री कोण भिंतीकडे तोंड करून पडलाय ते तुम्हीच बघायचं. हसत सांगत होतास.

१४४१६ लाव. टेली मानस, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन. आम्हा आशा सेविकांना घरोघरी सांगायला लावतात, फुकट आहे, रात्रीही चालतं, मराठीत बोलतात. "मला काय वेड लागलंय?" म्हणशील. खालच्या आळीची सून बाळंतपणानंतर हेच म्हणाली होती, मग माझ्यासमोर बसून अर्धा तास बोलली. तंबाखू वाढवू नकोस. आणि ड्युटीवरून सुटल्यावर त्या मित्रांबरोबर बसणं... जाऊ दे. भाषण द्यायचं नाही ठरवून बसले होते. माफ कर.

सातवीत होतास, तांबूचं वासरू विहिरीत पडलं. बापू येईपर्यंत तूच दोर बांधून उतरलास. हात सोलले होते, हळद लावू देईनास. वासरू वाचलं, तरी कितीतरी रात्री उठून गोठ्यात जायचास, ते श्वास घेतंय का बघायला. मी दारात उभी राहायचे, तुला कळू न देता.

झोपेचं परत विचारणार नव्हते. रजा मिळाली तर ये. नाहीतर सर्वे संपला की मीच येते, क्वार्टर लहान असू दे. पूजा म्हणते, पहाटे तीनला उठून पोरांच्या नाकाशी हात धरतोस. खरं आहे का, तेवढं कळव.

तुझी आई