पुडीतलं बी

पुणे, ५ मार्च

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं ते आईला भलतंच सांगतात, म्हणून लिहिते. अक्षर मोठं काढलंय.

भाऊबीजेला निघताना आईनं वर्तमानपत्राच्या पुडीत गावरान टोमॅटोचं बी दिलं होतं. बाबा, तुम्ही हसला होतात. "गॅलरीत कुठं टोमॅटो होतात का?" झाले. पहिल्या तोड्याला अकरा, वजन ७४० ग्रॅम. माती, खत, डबे असा सगळा खर्च धरला तर एवढ्यात बाजारातून क्रेटभर आला असता, ते सांगू नका. ते ह्यांनी सांगून झालंय.

बी मी दह्याच्या रिकाम्या डब्यांत टाकलं, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखत निम्मं निम्मं, वरून नखभर माती. पाच दिवस काही नाही. सहाव्या दिवशी सकाळी पाहते तर मान वाकवलेला पांढरट कोंब, आणि त्याच्या डोक्यावर बियाचं टरफल तसंच अडकलेलं, टोपी घातल्यासारखं. मला राहवेना, ओढायला गेले तर कोंबच तुटला. पुढच्या वेळी बोट ओलं करून टरफल आधी भिजवलं, तेव्हा सुटलं.

वीसेक रोपं आली आणि आठवड्यात नऊ जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडली. हा मर रोग, रोपं कोलमडण्याचा. मीच ओढवून घेतला. ऑफिसातून आले की रोज संध्याकाळी पाणी, रात्रभर माती ओली. फोनवर सांगितलं तर आईनं एवढंच विचारलं, "पाणी कधी घालतेस?"

तेव्हा मला आपला रोपांचा उंच गादीवाफा आठवला. आता सगळे नर्सरीतून ट्रेमधली रोपं आणतात, पण मी लहान असताना आई शेणखत चाळून घ्यायची, बोटानं रेघा ओढायची, वर भाताचा पेंढा पसरायची आणि सकाळीच झारीनं पाणी द्यायची. रोप चार-पाच पानांवर आलं की लावणी, मग बांबू, तार, सुतळी, औषधं, मग क्रेट आणि नारायणगावचा टोमॅटो बाजार. आपल्या घरात टोमॅटो म्हटलं की बाबांची गोष्ट सुरू होते. २०२१ च्या ऑगस्टात २-३ रुपये किलोनं माल गेला, २०२३ च्या जुलैत वीस किलोचं क्रेट २००० रुपयांच्या पुढं गेलं आणि नेमकं त्याच वर्षी आपलं वावर वाट्यानं दिलेलं, वाटेकऱ्यानं सोयाबीन पेरलेलं! पाहुण्यांसमोर ही गोष्ट मी वीसदा ऐकलीय. वाफ्याची गोष्ट एकदाही नाही.

असो. जगलेल्यांतली चार रोपं रंगाच्या २० लिटरच्या डब्यांत लावली, बुडाला भोकं पाडून. आईनं सांगितल्याप्रमाणे खालची पानं काढून गळ्यापर्यंत गाडली, कारण टोमॅटोच्या खोडालाही मुळं फुटतात. आठवडाभर रोपं रुसल्यासारखी होती, मग जी सुटली ती कठड्याच्या वर. बगलफूट, म्हणजे पानाच्या बगलेतले कोंब, खुडताना हाताला तो हिरवट-पिवळा रंग आणि वास लागला. तो वास म्हणजे बाबांचा सदरा.

बाजारातल्या टोमॅटोचं बीही एका डब्यात लावलं होतं. उगवलं झकास, पण संकरित वाणाची पुढची पिढी आईबापासारखी निघेलच असं नसतं (हे तुम्हाला उद्देशून नाही). दोन झाडं, एकाला लांबट फळं, दुसऱ्याला सुपारीएवढी.

जानेवारीच्या थंडीत पहिला बहर देठापासून गळला. पुढच्या फुलांना रोज सकाळी दहाच्या सुमारास टिचकी मारत होते. एकाच फुलात नर-मादी दोन्ही, हललं की पराग पडतो. सातव्या मजल्यावर मधमाशी कुठली यायला?

मग तीन फळांचं बूड काळं पडलं. सोसायटीतल्या प्रत्येकानं अंड्याची टरफलं घालायला सांगितलं. बाबांनी मात्र फोटो पाहून विचारलं, "मधे गावाला गेला होतात का?" गेलो होतो, चार दिवस. मातीत कॅल्शियम असतं, पण ते पाण्याबरोबरच फळापर्यंत जातं. एकदा कोरडं, एकदा चिखल केलं की बुडाला पोचत नाही. बाबा, ही तुमची हुशारी कबूल. आता रोज सकाळी डब्याला दोन लिटर, मातीवर वाळलेला पाला.

चव आंबट, साल पातळ. ठेचून लसणाची फोडणी दिली तर धाकट्यानं ताट चाटलं.

पाडव्याला या. लिफ्ट चालू आहे, गुडघ्यांचं कारण चालणार नाही. येताना पिशवीभर चाळलेलं शेणखत आणा, इथं विकत मिळतं त्यात निम्मे खडे असतात.

आई, तिसऱ्या झाडावरचं सगळ्यात चांगलं फळ मी तोडलं नाही, बियाण्यासाठी ठेवलंय. पार मऊ होऊ देते. तू खिडकीत बियांची वाटी ठेवायचीस, वर पांढरी साय धरायची आणि आंबूस वास यायचा, एवढं आठवतं. पण पाण्यात किती दिवस ठेवायचीस, दोन की तीन? आणि नंतर राख चोळायचीस ती बी धुऊन की तशीच? बाबांना विचारून कळवू नकोस. तूच सांग.

तुमची,
ताई