हवामानाच्या चौकटीशेजारी किडीची चौकट हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात रोज हवामानाची चौकट येते आणि आम्ही शेतकरी सकाळी आधी तीच पाहतो. तिच्या शेजारी परक्या किडींच्या इशाऱ्याची एक चौकट सुरू करावी, ही विनंती करण्यासाठी हे पत्र.

अमेरिकन लष्करी अळी माझ्या मक्यात पहिल्यांदा आली तेव्हा पानांवर खरवडल्यासारखे पांढुरके, आरपार दिसणारे चट्टे होते. नेहमीची खोडकीड असेल म्हणून मी दुर्लक्ष केले. आठवड्याने पोंगा, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांची सुरळी, उलगडला तर आत ओल्या भुशासारखी विष्ठा साचलेली आणि तिच्याखाली अळी. डोक्यावर उलट्या ‘वाय’सारखी फिकट खूण, शेपटीकडे चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके. इतकी ठळक ओळख, पण तोवर ती मला कुणी दाखवलीच नव्हती. अळी पोंग्यात खोल शिरली की फवारणी तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. ते आठ दिवस मला फार महागात पडले.

ही अळी मूळची अमेरिका खंडातली. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत आढळली, २०१८ मध्ये भारतात, २०१९ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात. तिचा पतंग वाऱ्याच्या साथीने एका रात्रीत शंभर किलोमीटर जातो, त्यामुळे तिला सीमेवर अडवणे अवघडच. पण बहुतेक किडींना समुद्र ओलांडायला माणूस लागतो. एकोणिसाव्या शतकात द्राक्षाच्या मुळांतला रस शोषणारी फायलोक्सेरा नावाची कीड अमेरिकेतून आणलेल्या रोपांबरोबर फ्रान्समध्ये उतरली आणि बागाच्या बागा वाळल्या. अखेर अमेरिकी खुंटावर कलमे बांधूनच तिथली द्राक्षशेती सावरली. १८७८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नला देशांनी एकत्र येऊन करार केला, तो या किडीपायीच. आज परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी खोक्यांचा गाभासुद्धा ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवावा लागतो, नाहीतर धुरी द्यावी लागते. नियम चांगले आहेत. मात्र बॅगेत कपड्यांच्या घडीत दडवलेली फांदी किंवा बुटाला चिकटलेला चिखल पकडायला नियम पुरत नाहीत. केळीच्या पनामा मर रोगाची बुरशी तर मातीत कित्येक वर्षे जिवंत राहते. बुटाच्या तळव्याला लागलेली चिमूटभर माती तिला पुरते.

म्हणून पहिली नजर प्रवाशाची आणि शेतकऱ्याची. ब्रिटनमध्ये बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंग्याची चित्रे पोलीस ठाण्यांत लावलेली असत. पिवळ्या पाठीवर काळे पट्टे असलेला हा भुंगा दिसताच कळवा, असे साध्या नागरिकांना सांगितले जाई. तो तिथे पुनःपुन्हा येऊन पोचला, पण कायमचे बस्तान बसवू शकला नाही. वर्तमानपत्राची चौकट म्हणजे असेच चित्र, तेही घराघरात पोचणारे.

अशाने घबराट पसरेल, बाजारभाव पडतील, असे काहीजण म्हणतील. मला उलट वाटते. नाव आणि चेहरा माहीत नसलेल्या किडीची अफवाच जास्त घाबरवते, आणि घाबरलेला माणूस हाती लागेल ते औषध मारत सुटतो. त्यात किडींना खाणारे मित्रकीटक आधी मरतात.

खरी भीती वेगळीच आहे. खबर दिली तर उभे पीक उपटावे लागेल, या धास्तीने शेतकरी गप्प बसतो. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या टली भागात २०१५ मध्ये केळीच्या एका बागेत पनामा मर निघाला. पुढच्याच वर्षी केळी उत्पादकांच्या संघटनेने ती बाग विकत घेऊन बंद केली. एकाचे नुकसान सगळ्यांनी वाटून घेतले. पहिली खबर देणाऱ्याला भरपाई मिळालीच पाहिजे, आणि ती पिकाचे पंचनामे रखडण्याआधी. हा विषयही आपण लावून धरावा.

चौकटीत फार काही नको. त्या आठवड्यात कुठली कीड, कुठल्या पिकावर, पानाच्या वरच्या बाजूला की खालच्या, आणि दिसली तर कुठल्या क्रमांकावर कळवायचे. छायाचित्र मात्र मोठे छापा. अंडीपुंज आणि लहान अळीचे हवे, कारण पूर्ण वाढलेली अळी ओळखता येईपर्यंत पोंगा खाऊन झालेला असतो.

आपला,
एक मका उत्पादक शेतकरी