शब्द बदलला, पण चित्राचे काय?

महोदय,
इमामी कंपनीने २००५ मध्ये पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ हे गोरेपणाचे क्रीम आणले, तेव्हा जाहिरातीत बायकांचे क्रीम चोरून लावणाऱ्या तरुणाची थट्टा होती. म्हणजे लाज गोरेपणाच्या हौसेची नव्हती, तर ट्यूब कोणाची याची होती. हिंदुस्थान युनिलिव्हरने २०२० मध्ये आपल्या पुरुषांच्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ वगळून ‘ग्लो’ घेतला, हे स्वागतार्हच. परंतु खांदे पाडून उभा असलेला सावळा तरुण आणि शेजारी उजळलेला, हसरा तोच तरुण, अशी जोडचित्रे दाखवली जात राहिली, तर ‘ग्लो’चा अर्थ प्रेक्षक ‘गोरा’ असाच लावणार. आपल्या वधू-वर जाहिरातींतला ‘उजळ’ तरी वेगळे काय सांगतो?

– एक वाचक, पुणे