पावसात तलाव उपसू नका: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

माननीय क्रीडामंत्री, गोवा राज्य
यांस सादर नमस्कार.

गोवेकर पोहायला शिकला तो देवळांच्या तळ्यांत, विहिरींत आणि नदीत. सांजावाला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, २४ जूनला, आजही विहिरीत उड्या पडतात. सिमेंटचे जलतरण तलाव त्या मानाने अलीकडचे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेच्या जलतरण शर्यती पणजीत कांपालच्या तलावात झाल्या, याचा आम्हाला अभिमान आहे. पण शहराच्या तलावाचा इतिहास म्हणून हाती लागते ती बहुधा उद्घाटनाची कोनशिला. गळती पहिल्यांदा कधी दिसली, फिल्टरची वाळू कधी बदलली, लाद्या कुठे आणि का उखडल्या, याची नोंद सापडणे कठीण. म्हणून त्याच दुरुस्तीवर पुन्हा पुन्हा खर्च होतो.

सगळ्यात मोठे नुकसान चुकीच्या महिन्यामुळे होते. एप्रिल-मेमध्ये शिबिरांची गर्दी, म्हणून काम ढकलले जाते जूनवर, आणि भर पावसात तलाव उपसला जातो. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिमी पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. जांभा दगड सच्छिद्र, त्यामुळे भूजल झपाट्याने वर येते. तळाच्या वर एक मीटर भूजल चढले की ते तळाला दर चौरस मीटरला एक टन जोराने वर ढकलते. १५ सेंमी जाडीच्या काँक्रीट तळाचे वजन त्याच चौरस मीटरला जेमतेम ३७५ किलो. भरलेला तलाव पाण्याच्या वजनाने जागेवर बसतो, रिकामा होडीसारखा उचलला जातो. मग तळ फुगतो, सांधे उघडतात, लाद्या सुटतात, आणि ठपका लाद्या बसवणाऱ्यावर येतो. हा दाब सोडण्यासाठी खोल बाजूच्या ड्रेनजवळ व्हॉल्व्ह बसवलेला असेल, तर तो सिमेंटने किंवा रंगाने बुजलेला नाही ना, हे उपसण्याआधी पाहायलाच हवे.

आमची विनंती अशी की उपसण्याचे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे. भूजल तोवर उतरलेले असते, मुले परीक्षेत असतात. त्यासाठी निविदा नोव्हेंबरमध्येच निघायला हवी. ५० बाय २५ मीटर, सरासरी दोन मीटर खोल तलावात २५ लाख लिटर पाणी मावते, म्हणजे १० हजार लिटरचे अडीचशे टँकर. एवढे पाणी ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर लागणार, तेव्हा पाणीपुरवठा खात्याशी आधीच बोलणे भाग आहे. भरतानाही घाई नको: दिवसाला ६०-७० सेंमीपेक्षा पातळी वाढवली तर नव्या सांध्यांवर ताण येतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, तलाव उपसायचा की नाही हे आधी तपासावे. एक बादली पायरीवर ठेवून तलावाच्याच पातळीइतकी भरायची, पाऊस नसताना चोवीस तास थांबायचे. दोन्हीकडे सारखेच उतरले तर ते बाष्पीभवन. वरच्या मापाच्या तलावात बादलीपेक्षा एक सेंमी जास्त उतरले तर १२,५०० लिटर गळतीत गेले. हीच चाचणी पंप चालू ठेवून आणि बंद ठेवून करावी. पंप चालू असताना घट जास्त असेल तर फिल्टरकडून तलावात पाणी परत आणणारी नळी बहुधा फुटली आहे, तळाच्या लाद्या फोडून काही मिळणार नाही. पातळी एका ठराविक उंचीला येऊन थांबत असेल तर त्या रेषेवरचे दिवे, नळीची तोंडे आणि सांधे पाहावेत. पंप बंद करून, पाणी स्थिर असताना संशयित फटीजवळ सिरिंजने खाण्याचा रंग सोडला की तो आत ओढला जातो आणि जागा नेमकी कळते.

पाण्याच्या नोंदीही तितक्याच गरजेच्या. पीएच (पाण्याची आम्लता) ७.२ ते ७.६ आणि मोकळे, म्हणजे अजून खर्ची न पडलेले, क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाखांत १ ते ३ भाग), हे दिवसातून तीनदा मोजून लिहावे. पीएच ८ वर गेला की मोकळ्या क्लोरीनपैकी जेमतेम पाव भाग जोमाने काम करतो, ७.२ वर जवळजवळ दोन तृतीयांश. पाणी हिरवे दिसले की क्लोरीनची पावडर वाढवतात, पीएच कोणी पाहत नाही. फिल्टर धुतल्यानंतर दाब किती आणि आज किती, हेही वहीत हवे. दाब चौरस सेंटीमीटरला अर्धा किलो वाढला की उलटे धुणे, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून फिल्टरची वाळू धुणे, करायचे.

तेव्हा राज्यातल्या प्रत्येक सार्वजनिक तलावासाठी एक कायमची वही सुरू करावी. तिच्या पहिल्या पानावर बांधकामाचा मूळ नकाशा, नळ्यांचे मार्ग आणि सांध्यांच्या जागा असाव्यात. जुन्या फाइली ज्यांच्या कपाटात आहेत त्यांच्याकडून त्या आत्ताच मागवाव्यात, कारण निवृत्त झालेल्या पंपचालकाला जे ठाऊक असते ते बहुधा कागदावर उतरलेले नसते. आणि बादलीच्या चाचणीचा लेखी अहवाल जोडल्याशिवाय गळतीच्या कोणत्याही निविदेला मंजुरी देऊ नये.

आपले विश्वासू,
जलतरण तलावांच्या देखभालीचे काम करणारे आम्ही काही जण