बसने हिंडणाऱ्या काकांना अनावृत आभारपत्र

तीर्थस्वरूप काकांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही पुण्याला परतलात आणि पाठोपाठ आमच्या सिटी काउन्सिलने तो ठराव दुसऱ्या वाचनात मंजूर केला. वस्तीतल्या दुकानांच्या झोनमध्ये बेघरांसाठी निवारा काढायला आता वेगळी खास परवानगी लागणार नाही. फोनवर सांगितलं तर तुम्ही "बरं झालं" एवढंच म्हणालात आणि लगेच भाजणी कशी खपतेय ते विचारलंत. तुमच्यापुढे आभार मानायला बसलं की विषय असा चकलीवर जातो, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. इथल्या बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, इतर गावांतही आपली माणसं अशा सुनावण्यांना जात असतात, त्यांच्याही उपयोगी पडेल.

त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगते. कॅलिफोर्नियात २००७ साली एसबी २ हा कायदा झाला. प्रत्येक शहराने निदान एक झोन असा दाखवायचा, जिथे निवारा हक्काने काढता येईल. शेजाऱ्यांच्या विरोधावर अडून राहणारी सशर्त परवानगी तिथे मागायची नाही. शहरांनी झोन दाखवले. पण बऱ्याच ठिकाणी ते निघाले गोदामांचे, गॅरेजांचे, हायवेपलीकडचे. कागद पुरा झाला. मग २०२२ मध्ये एबी २३३९ हा दुसरा कायदा आला. त्यात म्हटलं, झोन असा हवा की जिथे घरंही चालतात. तसा नसेल तर बस, किराणा, सेवा जवळ आहेत हे शहराने दाखवून द्यावं. शिवाय माणशी २०० चौरस फूट धरून जागा खरोखर पुरते का, याचा हिशोबही मांडावा. आमच्या शहराचा २०२३ ते २०३१ चा गृहनिर्माण आराखडा याच चाळणीतून गेला आणि नियमबदलाची नोटीस थेट आमच्या प्लाझावर येऊन थडकली.

आमचा प्लाझा तुम्हाला माहीत आहेच. माझं फराळ-किराण्याचं दुकान, शेजारी नेल सलून, दातांचा दवाखाना, कोपऱ्यावर लॉन्ड्रोमॅट आणि कुलूप लागलेलं फर्निचरचं दुकान. सगळ्यांनी नोटीस माझ्या हातात दिली, कारण काय तर मी वाचते. मी ती तुमच्या हातात दिली, कारण तुम्ही उभा जन्म नगररचना खात्यात काढलात. चष्मा पुसून तुम्ही म्हणालात, "अगं, हे तर आपलं कलम ३७." नियमात बदल सुचवायचा, जाहिरात द्यायची, हरकती-सूचना मागवायच्या, सुनावणी घ्यायची. १९६६ चा आपला महाराष्ट्राचा नगररचना कायदा आणि इथला कारभार यांत तुम्हाला फारसं परकं काही वाटलंच नाही. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा त्या कागदाची भीती वाटेनाशी झाली.

स्क्रीनवर वाचायला तुम्ही साफ नकार दिलात. प्रिंट काढली, फूटपट्टी घेतली आणि वापरांच्या तक्त्यात एकेका ओळीखाली ती सरकवत गेलात. निवाऱ्याच्या ओळीत आमच्या झोनखाली 'सी' होता, म्हणजे सशर्त. त्याजागी 'पी' यायचा होता, म्हणजे परवानगी. सगळं भांडण त्या एका अक्षराचं आहे, हे तुम्ही दाखवलंत. 'सी' असेल तर दर अर्जाला सुनावणी, दर सुनावणीला तोच तमाशा, आणि निवारा काढणारी संस्था दोन वेळा येऊन तिसऱ्यांदा येतच नाही.

मग तुम्ही प्लाझातल्या मंडळींना दुकानामागच्या खोलीत बसवून एकेकाची धास्ती लिहून घेतलीत. फुटपाथवर रांग लागेल? तर आत येणाऱ्यांसाठी थांबायची जागा किती आणि कुठे, हे शहराला ठरवता येतं. रात्री कोण बघणार? जागेवर व्यवस्थापक हवा, दिवे हवेत, सुरक्षा हवी, हेही नियमात घालता येतं. पार्किंग? ते कर्मचाऱ्यांपुरतं मागता येतं, त्याच झोनमधल्या इतर वापरांहून जास्त नाही. एकावर एक निवारे येतील? दोहोंमध्ये अंतर ठेवायला सांगता येतं, पण ३०० फुटांपेक्षा जास्त नाही. आणि "माणसं कशी असतील?" या प्रश्नापुढे तुम्ही नुसती आडवी रेघ मारलीत. नेल सलूनवालीने कारण विचारलं. तुम्ही म्हणालात, हे कुठल्याच झोनमध्ये लिहीत नाहीत, तुमच्या गिऱ्हाइकांबद्दलही नाही. लॉन्ड्रोमॅटवाला मोठ्याने हसला. त्याच्याकडे ही माणसं आधीपासून कपडे धुवायला येतातच.

इथवर कुणी हुशार वकीलही पोचला असता. पुढचं तुमच्याखेरीज कुणाला सुचलं नसतं, कारण आम्हा सगळ्यांच्या बुडाखाली गाडी आहे.

मुलीकडे सहा महिन्यांसाठी येणारे आई-वडील इथे बसने फिरतात, वाचनालयात बसतात, औषधाच्या दुकानापर्यंत पायी जातात. लेकी-जावई कामाला गेल्यावर दुपारभर त्या बाकांवर असतात ते आपले हे ज्येष्ठ आणि गावातले बेघर. वाचनालयात रोज भेटणाऱ्या त्या दाढीवाल्या गृहस्थांना तुम्ही नावाने ओळखत होतात. मी त्यांच्या समोरून इतकी वर्षं गाडी नेत होते. जुन्या नियमात शहराने निवाऱ्यासाठी दाखवलेला गोदामांचा भाग तुम्ही बसने जाऊन पाहिलात. संध्याकाळी परतीची बस लवकर बंद होते, म्हणून लेकीला ऑफिसातून न्यायला यावं लागलं आणि ती तुमच्यावर चिडली. तुम्ही मात्र खूश. वेळापत्रक खिशात घालून आला होतात.

त्यावरून तुम्ही आपल्याकडचं सांगितलंत. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या नियमांत निवारा स्टेशन, बस आगार, बाजार यांच्या जवळ असावा असंच म्हटलं होतं. एक लाख वस्तीमागे शंभर जणांचा एक, असं प्रमाण होतं आणि माणशी किमान ५० चौरस फूट. "आपल्याकडे नियम शहाणा आणि निवारा गायब," असं म्हणून तुम्ही चहा मागितलात. यावर मी तुमच्याशी वाद घातला होता, अजूनही थोडा घालेन. पण इथे नियमच आडवा येतो, हे तुमचं म्हणणं पटलं.

सुनावणीला बोलायला दोन मिनिटं. माझा मजकूर तुम्ही घड्याळ लावून कापलात. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या ग्रँट्स पास निकालावरचा परिच्छेद मला फार प्रिय होता. निवाऱ्यात जागा नसली तरी रस्त्यावर झोपणाऱ्याला दंड करायची मुभा शहरांना मिळाली, हे मला ठासून सांगायचं होतं. तुम्ही तो एका वाक्यावर आणलात. बे एरियातल्याच फ्रीमाँट शहराने २०२० साली बेघरांसाठी ४५ खाटांचं केंद्र सिटी हॉलमागच्या पार्किंगमध्ये काढलं, ते वाक्य ठेवलंत. आणि सगळ्यात वर बसचं वेळापत्रक. पाहुण्याने बोलू नये म्हणून स्वतः शेवटच्या रांगेत बसलात. सुनावणी घेणाऱ्या नियोजन आयोगातल्या एका सदस्याने कर्मचाऱ्यांना विचारलं, शेवटची बस खरंच इतक्या लवकर असते का? त्यांनी तपासून "हो" म्हटलं, आणि सभागृहातली हवा बदलली. विरोध संपला नाही. पण त्यानंतर 'गोदामाकडे न्या' हे वाक्य पुन्हा कुणी उच्चारलं नाही.

नियम बदलला म्हणून निवारा उभा राहिला असं नाही, हे मीच इथे लिहून ठेवते, नाहीतर तुम्ही फोनवर सुनवाल. फर्निचरच्या दुकानाला अजून कुलूपच आहे. एका संस्थेची माणसं मोजमाप घेऊन गेली. भाडं, दुरुस्ती आणि रोजचा खर्च कोण उचलणार ते ठरलेलं नाही. प्लाझातले दोघं अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र तुमचा तो तक्ता भिंतीवर लावलाय, फूटपट्टीच्या पेन्सिलखुणांसकट.

काका, तुमच्यामुळे मी माझ्या शहराचा नियम स्वतः वाचायला शिकले, आणि बसचा पासही काढला. मनापासून आभार.

काकूंना नमस्कार. भाजणी लेकीच्या हाती पाठवते आहे, तीत धने तुमच्या सांगण्याप्रमाणे वाढवलेत. शहराने आता फेरीवाल्यांच्या गाड्यांसाठी नवा मसुदा काढलाय, चांगला जाडजूड आहे. तुमच्यासाठी प्रिंट काढून ठेवते. तिकीट कधीचं काढताय?

आपली,
प्लाझातली फराळवाली